दुपारचा पेला

नरपड
८ डिसेंबर २०२४

जतीन,

आधी तू फोन उचलत नव्हतास, आता तर माझा नंबरच ब्लॉक केलायस, म्हणून कागदावर आले. सातवी शिकलेली बाई आहे मी, विसरू नकोस. तुझ्या शाळेच्या वह्यांतली कोरी पानं पेटीत पडून होती, ती फाडून लिहितेय. सुनिल त्याची इको गाडी घेऊन रोज तलासरीला जातो, तो तुझ्या कंपनीच्या गेटवर देईल. नाही घेतलंस तर वॉचमनसमोर मोठ्याने वाच, असं त्याला सांगून ठेवलंय. मग होऊ दे शोभा.

बाबाला वलसाडच्या दवाखान्यातून घरी आणून आज आठ दिवस झाले. उजवा हात लोंबतो. उजवा पाय दोघांनी धरलं तर फरफटत येतो. तोंडातून शब्द नाही. डॉक्टर म्हणतो, त्याला कळतं सगळं, पण डोक्यातली बोलायची जागाच बसली. अठ्ठावीस वर्षं बोटीवर तांडेल म्हणून ओरडलेला माणूस, आता पाणी हवं असलं तरी नुसता बघतो. मी त्याच्या डाव्या हाताशी स्टीलचा पेला ठेवलाय. खाटेच्या पाइपावर वाजवला की मी उठते. चुलीवर काय करपायचं ते करपू दे, आधी उठते.

कसं झालं ते तू विचारणार नाहीस, तरी लिहून टाकते. बारा नोव्हेंबरला सकाळी सातला तू आलास, पाड्यावरच्या त्या पोरीशी कोर्टात लग्न केलं म्हणून सांगायला. बाबा म्हणाला, तिला घेऊन या उंबऱ्याला पाय लावायचा नाही. तू म्हणालास, तुम्ही मेलात तरी येणार नाही. तू गेलास आणि बाबा भिंतीकडे तोंड करून पडला. नऊला मी टोपली घेऊन डहाणूच्या बाजारात गेले, ती संध्याकाळी सहाला आले, तर हा असा. एवढंच आहे. यापेक्षा जास्त काही नाही.

दवाखान्यातून तुला फोनवर म्हटलं, तुझ्या शब्दांनी बापाचं डोकं फुटलं. रागात म्हटलं. पण खोटं म्हटलं असंही म्हणत नाही.

तुझी आई
हंसा


२९ डिसेंबर २०२४

जतीन,

सुनिल म्हणाला, पत्र घेतलंस आणि न वाचता खिशात टाकलंस. टाक. तेही बापाचंच रक्त.

सरावलीची एक पोरगी येते हल्ली, वर्षा. व्यायाम देणारी डॉक्टर आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी स्कूटीवर येते, मला मावशी म्हणते आणि माझ्यावरच खेकसते. ती पहिल्यांदा आली तेव्हा जे झालं ते सांगते, म्हणजे तुला हसायला कारण मिळेल.

त्याआधी बाबाच्या बोटीवरचा आपला हाल्या आला होता बाबाला बघायला. म्हणाला, वहिनी, हात असा पडून राहिला तर कायमचा जाईल, त्याला ओढ द्यायला पाहिजे. त्याने बोटीवरची कप्पी आणून वाशाला टांगली, दोरीच्या एका टोकाला बाबाचा मेलेला हात, दुसरं टोक चांगल्या हातात. ओढ तांडेल, ओढ! बाबानेही ओढलं. दहा दिवस सकाळ-संध्याकाळ ओढलं. आपल्याकडे जड काही वर घ्यायचं तर दुसरं काय करतात? माझ्या मनात आलं, जाळं वर येतं तर हात का नाही येणार?

अकराव्या दिवशी खांद्याला हात लावू देईना. नुसता पदर लागला तरी डोळ्यांतून पाणी. वर्षाने कप्पी बघितली आणि तिचं टाळकंच सरकलं. मावशी, हे कोणी सांगितलं? मी म्हटलं, कोणी कशाला सांगायला पाहिजे, आम्हाला डोळे नाहीत? ती म्हणाली, डोळ्यांना वाटतं ते आणि खरं होतं ते यात फरक असतो. अशा कप्पीने लकव्याच्या माणसाचा खांदा दुखावतो हे पेशंटांच्या तपासणीत दिसून आलंय. त्यांचा खांदा सांध्यात सैल झालेला असतो, दोरीने ओढलं की आतलं चिमटतं. मग स्टुलावर चढून तिने स्वतः कप्पी सोडली.

मी मोबाइलवर बघितलं होतं की चांगला हात बांधून ठेवला की मेलेला हात कामाला लागतो. म्हटलं, ते तरी करू. तर म्हणे त्याला गुण येतो, पण बोटं थोडी तरी हलत असली तर. काकांची हलत नाहीत. त्यांचा चांगला हात बांधलात तर त्यांच्याकडे काहीच उरणार नाही, पेलासुद्धा नाही.

पेला म्हटल्यावर मी बांधायला काढलेलं फडकं घडी करून ठेवून दिलं.

हंसा


१९ जानेवारी २०२५

जतीन,

आज खाट बाहेर ओटीवर काढलीय, समोर वलांडीवर बोंबील वाळतायत आणि बाबा कावळे हाकतो. डाव्या हाताने, पेला वाजवून. मी दोनदा धावत आले, तर कावळा. दोन्ही वेळा मला बघून त्याने मान फिरवली.

त्याचा अबोला आठवतो ना तुला? भांडण झालं की भिंतीकडे तोंड करून पडायचं, जेवण नाही, हाक मारली तर ओ नाही. तुझ्या मामाच्या लग्नात मान दिला नाही म्हणून अकरा दिवस बोलला नव्हता. आणि मीही अकरा दिवस विचारलं नव्हतं. ताट ठेवायचं, ताट उचलायचं. आधी कोण बोलतं याचीच पैज. मी कधी हरले नाही. मला त्याची घमेंड होती रे.

बरं, कामाचं लिहिते. वर्षाचे मुंबईच्या कॉलेजातले सर एक अभ्यास करतायत. वाचा गेलेली चाळीस माणसं घेतलीत. निम्म्यांना नेहमीसारखं बोलायचा सराव, निम्म्यांना गाण्याच्या चालीवर. चिठ्ठी उचलायची, आपण निवडायचं नाही. बाबाची चिठ्ठी गाण्याची निघाली. मी म्हटलं, अगं ह्याला साधं पाणी म्हणता येत नाही आणि गाणं? ती म्हणाली, मावशी, बोलायची जागा वेगळी आणि चाल धरायची वेगळी, असं म्हणतात. काही अभ्यासांत फायदा दिसला, काहींत नाही. पुरावा अजून कच्चा आहे, म्हणून तर मोजतोय. निदान थापा मारत नाही पोरगी.

फॉर्ममध्ये छप्पन्न प्रश्न. अटॅक किती वाजता आला? शेवटचं धडधाकट कोणी बघितलं? मी म्हटलं, मी बाजारात होते, नऊ ते सहा. तेवढ्यात शेजारची काळीबाई आली. तिला मधे तोंड घालायची काय गरज होती? म्हणाली, एक वाजता माझ्याकडे काडेपेटी मागायला आलेला की चंदरभाऊ, चांगला दोन पायांवर चालत, बोलला पण. वर्षाने लिहून घेतलं, एकला ठीक. मग माझ्याकडे बघितलं. एक ते सहा, मधे कोणीच आलं नाही घरी?

मी म्हटलं, दूध उतू जातंय, आले.

आई


२ मार्च २०२५

जतीन,

रागवायला वेळ नाही, नीट वाच.

सहा आठवडे वर्षाने "पाऽणी", "भाऽत" असं चालीवर म्हणून दाखवलं. बाबाचा चांगला हात धरून मांडीवर थापट्या मारायची, ताल म्हणून. तोंडातून वाऱ्याशिवाय काही आलं नाही. मंगळवारी कंटाळून तिनेच विचारलं, मावशी, काका बोटीवर काही म्हणायचे का? मी म्हटलं, जाळं ओढताना तांडेल साद घालतो आणि खलाशी ती झेलतात, दुसरं काय. मी हळूच म्हणून दाखवली. आणि बाबा, अरे माझ्या देवा, बाबाने मान वर केली आणि छातीतून काढली, "हैऽऽसा!"

काळी पलीकडून धावत आली. मी तोंडात पदर कोंबला.

पण पुढे गाडी अडते. साद घातली की तो थांबतो. झेलणारं कोणी नाही म्हटल्यावर ओठ मिटतो. वर्षाने झेलून बघितली, तर तिच्याकडे त्याने असं बघितलं की ती बिचारी हसायला लागली. हाल्याने झेलली, तेव्हा दोनदा पुढे गेला, पण हाल्या आज समुद्रावर तर उद्या बंदरात. मी झेलली तर त्याने डोळेच मिटून घेतले. वर्षा म्हणते, या चालीला धरूनच पुढे एकेक शब्द बांधायचा, पण समोर त्यांच्या सवयीचा आवाज पाहिजे आणि रोज पाहिजे. आठवड्यातून दोनदा करून काही होत नाही. जितका सराव जास्त तितका फायदा, एवढं तरी नक्की.

दहा वर्षं ती साद कोण झेलत होतं, हे मी लिहायला पाहिजे का?

तलासरीहून नरपड तासाभराचा रस्ता. कंपनी सुटली की सुनिलच्या गाडीत बस. अर्धा तास बाबासमोर बस आणि जा. मी पाणीसुद्धा विचारणार नाही. बाबाने उंबऱ्याचं जे म्हटलं होतं ते मी त्याच्या वतीने मागे घेते. आणि तू जे म्हणालास ते तू मागे घे. फिटंफाट.

आई


१३ एप्रिल २०२५

जतीन,

सहा आठवडे झाले. आला नाहीस.

काल ती आली होती. तुला सांगितलं नसेल तिने. विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा लागली ना, जत्रेला जाते म्हणून पाड्यावरून निघाली आणि इकडे उतरली. हातात नारळ आणि रानातल्या करवंदांचा द्रोण. ओटीखाली उभी राहिली, वर पाय ठेवेना. म्हणाली, आई, मी रूपी.

मी तिला आत बोलावलं नाही. लपवून काय करू? पाणी दिलं, तेही तिथेच, खाली. तिने प्यायलं आणि भांडं विसळून पालथं ठेवलं. मला कोणी थोबाडीत दिली असती तर बरं वाटलं असतं.

मग तिने सांगितलं ते ऐकलं. तू भाताला हात लावत नाहीस. कामावर मशीनमध्ये बोट जाता जाता राहिलं. माझी पत्रं उशाखाली ठेवतोस आणि एवढंच म्हणतोस, की माझ्या तोंडून गेला तो शब्द बाबाला लागला, मी बाबाला मारलं, आता कोणत्या तोंडाने जाऊ. ती म्हणाली, आई, तो रागावून येत नाही, असं तुम्हाला वाटतं. तो घाबरून येत नाही. एकदा कोणीतरी त्याला सांगा की तसं नसतं.

कोणीतरी.

ती जाताना बाबाने पेला वाजवला. मी उठले, तर त्याला काही नको होतं. तो तिच्याकडे बघत होता. ती वाकून नमस्कार करून गेली. करवंदं त्याने एकेक करून सगळी खाल्ली.

मला लिहायचं आहे ते आज लिहिता येत नाही. हात चांगला असून येत नाही.

आई


वलसाड, दवाखान्याचा व्हरांडा
२५ एप्रिल २०२५

बाळा,

दवाखाना वाचून घाबरू नकोस, आधी पूर्ण वाच. यातलं काही न वाचता खिशात टाकू नकोस, तुला तुझ्या रूपीची शपथ.

आज शुक्रवार. सकाळी वर्षा तीन महिन्यांची तपासणी लिहायला आली होती. बाबा खाटेवर बसलेला. तिने परत तोच कागद काढला. म्हणाली, मावशी, एक ते सहा एवढं मोठं भोक राहतंय. तुम्हाला आठवत नसेल तर तसं लिहिते, पण चुकीचं लिहिणार नाही. या कागदावरून उद्या दुसऱ्या पेशंटांचं ठरणार आहे.

मला तुझं भाताचं ताट दिसायला लागलं. आणि मी बोलले. तिला जे सांगितलं तेच तुला लिहिते.

मी दोन वाजता घरी आले होते.

सुक्या बोंबलांची दुसरी टोपली न्यायला आले होते. बाबा जमिनीवर चटईवर, भिंतीकडे तोंड. सकाळी झाकून ठेवलेलं ताट तसंच. मला वाटलं, झाला अबोला सुरू. आता दहा-बारा दिवस हेच. तू गेल्याचा राग माझ्याही डोक्यात होता, आणि हा मात्र रुसून पडणार आणि मी एकटीने बाजार करायचा! मी म्हटलं, राहा उपाशी, मी काही विचारणार नाही. पाठ करून टोपली भरायला लागले. मागे पेला वाजला. जमिनीवर, टाक टाक. मी म्हटलं, आपट, पोराचा राग माझ्यावर काढ. परत वाजला. परत. मी वळले आणि त्या पेल्याला लाथ मारली. घरंगळत मोरीपर्यंत गेला. त्याच्या तोंडाकडे मी बघितलंच नाही, जतीन. एकदा बघितलं असतं तर वाकडं झालेलं दिसलं असतं.

माल चारलाच संपला. मी मुद्दाम बाजारात बसून राहिले, त्याने वाट बघावी म्हणून. सहाला आले तेव्हा तो मोरीपाशी उपडा पडला होता. एका हाताने, एका पायाने सरकत तिथपर्यंत गेला होता, पेल्यासाठी. बोटं अजून वीतभर लांब होती.

एकला धडधाकट होता, दोनला मी आले. म्हणजे फार तर तासाभराचं दुखणं होतं. साडेचार तासांच्या आत पोचलं तर डोक्यातली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन असतं, हे मला वलसाडला त्याच दिवशी कळलं होतं. तेव्हापासून मी नऊ ते सहा, नऊ ते सहा घोकतेय. आणि तुला फोन करून म्हटलं, तुझ्या शब्दांनी झालं. कोणाच्या तरी गळ्यात बांधायला पाहिजे होतं ना.

मी वर्षाला विचारलं, मी दोनला बघितलं असतं तर तो आज बोलला असता ना? तिने पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाली, काहींना त्या इंजेक्शनने गुण येतो, काहींना नाही. शक्यता होती मावशी, यापेक्षा जास्त मी सांगू शकत नाही. मला फाशी तरी दे नाहीतर सोड! पण नाही, तिच्याकडे तेवढंच आहे. शक्यता होती. ती घेऊन मी जगायचं.

तुझ्याबद्दलही विचारलं. ते मात्र तिने ठणकावून सांगितलं. बाबाने प्रेशरच्या गोळ्या दोन वर्षं बंद केल्या होत्या, विड्या चालू होत्या, मानेतली नस आधीच अरुंद झाली होती. असं कोणाच्या बोलण्याने होत नाही. लिहून दे म्हटलं तर तिने लिहूनही दिलंय, ती चिठ्ठी याच पाकिटात आहे. तुझ्या शब्दाने बाबाला काही झालं नाही. तू भात खा.

हे सगळं बाबासमोर झालं. मी विसरले नव्हते तो तिथे आहे ते. त्याला सगळं माहीतच होतं, मी वेगळं काय सांगणार होते त्याला. त्या दुपारी तो जागा होता. पाच महिने मी पेला वाजला की धावत होते आणि तो माझ्याकडे बघत होता, मी कधी कबूल करते ते. माझं बोलणं संपलं तसा त्याने पेला खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. वर्षाने साद घालून बघितली, हाक मारली. ओ नाही, हालचाल नाही.

आणि मला कळेना, हा राग आहे की दुसरा अटॅक.

या वेळी मी पैज लावली नाही. त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून माझ्याकडे वळवलं, बघितलं, तरी कळलं नाही. सुनिलला फोन केला, तो अर्ध्या रस्त्यातून गाडी वळवून आला. दीड तासात इथे. डोक्याचा फोटो काढला. इथल्या मोठ्या डॉक्टरने मला आत बोलावलं आणि म्हणाला, नवीन काहीही नाही, नाडी चांगली, प्रेशर ठीक. मग हा असा का? डॉक्टर म्हणाला, आजी, मला वाटतं ते रागावलेत.

मी तिथेच खुर्चीवर बसून हसले आणि मग रडले. नर्सला वाटलं असेल बाईचं डोकं फिरलं.

उद्या घरी सोडणार आहेत. सुनिल आत्ता निघतोय, जाताना पत्र तलासरीला देईल. साद अजून त्याच्या छातीत आहे, ती बसून जायच्या आत तू ये. रूपीला घेऊन ये, पुढच्या दाराने, मी स्वतः उंबऱ्यावर उभी राहते. ती आली की तिच्याही पाया पडेन, मला लाज नाही उरली. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, तोही माझ्याशी नाहीच बोलणार. अकरा दिवस की उरलेला सगळा जन्म, ते त्याने ठरवायचं.

घरून येताना पेला मी पिशवीत टाकून आणला होता. इथे खाटेवर त्याच्या डाव्या हाताशी ठेवलाय, बोटं लागतील असा. दुपारपासून त्याने तो एकदाही वाजवला नाही. मी दर थोड्या वेळाने उठून बघून येते.

तुझी आई
हंसा